बांग्ला-पेसा ते सराफु : मोंबासातल्या हमीच्या चलनाची पार्श्वभूमी

केनियातल्या मोंबासात 'बांग्लादेश' नावाची झोपडपट्टी आहे. मे 2013 मध्ये तिथल्या शंभरावर छोट्या धंदेवाल्यांनी स्वतःचं चलन काढलं, बांग्ला-पेसा. (पेसा म्हणजे आपलाच पैसा, व्यापाऱ्यांबरोबर समुद्रापार जाऊन स्वाहिलीत रुळलेला.) तंगी मालाची नव्हती, रोकडीची होती. भाजीवालीचे टोमॅटो मऊ पडायला आलेले, शेजारी शिंपी रिकामा बसलेला, आणि दोघांच्याही खिशात शिलिंग (केनियाचं अधिकृत चलन) नाही.

त्याआधी 2010 मध्ये मोंबासातच कोंगोवेआ भागात इको-पेसा येऊन गेला होता. त्याच्या पाठीशी देणगीदारांचे शिलिंग होते. ते वटवून संपले की योजनाही संपणार, हे उघडच होतं. म्हणून या दोन्ही चलनांमागचे अमेरिकी कार्यकर्ते विल रडिक आणि सहकाऱ्यांनी पुढच्या खेपेला तारणच बदललं: रोकडीच्या जागी सभासदांचा शब्द. नव्या सभासदाला चार धंदेवाल्यांची हमी लागे. मग त्याच्या नावे 400 ची कूपनं निघत. निम्मी त्याच्या हातात, निम्मी वस्तीच्या सामायिक कामांना. एक कूपन-पेसा म्हणजे एक शिलिंग.

महिना उलटायच्या आत पोलिसांनी रडिकसह सहा जणांना पकडलं. फुटीरतावाद्यांशी संबंध असल्याचा संशय, वर बनावट चलनाचा आरोप. ऑगस्टमध्ये खटला मागे घेतला गेला.

खरी अडचण मात्र किराणा दुकानात होते. केस कापणारा, पाणी विकणारा, शिंपी, सगळ्यांची कूपनं शेवटी तिथे साचतात, कारण घाऊक व्यापारी फक्त शिलिंग घेतो. गल्ला कूपनांनी भरला की दुकानदार नाही म्हणायला लागतो आणि चक्र अडतं. उपाय साधा आहे: बिलाचा काही हिस्साच कूपनात घ्यायचा, आणि दुकानदाराला वस्तीतच खर्च करता येईल असे पुरवठादार गटात आणायचे. हे दुसरं काम नोटा छापण्यापेक्षा कितीतरी किचकट.

2018 पासून कागद मागे पडून मोबाइलवरचा 'सराफु' आला. अरबीतून आलेला हा शब्द, आपल्या सराफाचा भाऊबंदच. साध्या फोनवरून आकडी कोड डायल केला की व्यवहार होतो, इंटरनेट लागत नाही. कोविडच्या काळात केनिया रेडक्रॉसच्या साथीने तो नैरोबीच्या मुकुरु वस्तीत पसरला; वापरणारे 40 हजारांच्या घरात गेले. शिल्लक दाबून ठेवू नये म्हणून महिन्याला 2 टक्के कपात होई. पसारा वाढला तो मुख्यतः 'चामा', म्हणजे भिशी गटांच्या जोरावर. पुढे एकच सराफु सगळीकडे चालवणं सोडून प्रत्येक गटाने आपलं वेगळं व्हाउचर काढायचं, आणि त्यावर कोणता माल देणार ते आधीच ठरवायचं, अशी रीत पडली.