माती चाळणी नव्हे

‘जमिनीतून झिरपून आलेलं पाणी शुद्धच असणार, माती गाळतेच की!’ हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्यावर लिहायलाच हवं.

चाळणी कण अडवते. मातीही गढूळपणा अडवते, हे खरंच. पण मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे सुटे, विद्युतभारित आयन होतात आणि त्यांना अडवण्याइतकी बारीक भोकं मातीत नसतात. तरीही काही आयन मातीत थांबतात, काही निघून जातात. हे कसं?

दोन काचेच्या नळ्या घ्या. दोन्हींत थोडी वाळू मिसळलेली चिकणमाती भरा. एकीत मेथिलीन ब्लूचं फिकट निळं द्रावण हळूहळू ओता, दुसरीत इओसिनचं लाल. पहिल्या नळीखाली नितळ पाणी ठिबकतं. दुसरीखाली येणारं पाणी लालच असतं. माती तीच, दोन्ही रंग पाण्यात पूर्ण विरघळलेले. फरक एवढाच की मेथिलीन ब्लूवर धनभार असतो, तर इओसिनवर ऋणभार.

म्हणजे मातीवर ऋणभार असला पाहिजे. तो येतो कुठून? माझ्या मते मृदाशास्त्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे.

मातीच्या कणांचे आकारानुसार तीन गट करतात: वाळू, गाळ आणि चिकणमाती. चिकणमातीचे कण 2 मायक्रॉनपेक्षा लहान असतात. ते गोल नसून पत्र्यांच्या चळतीसारखे असतात. प्रत्येक पत्रा म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची जाळी. ही जाळी तयार होतानाच काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतो, काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम. आकार साधारण जुळतो, म्हणून रचना मोडत नाही. पण सिलिकॉनचे धनभार चार, ॲल्युमिनियमचे तीन. अशा प्रत्येक अदलीमागे एक ऋणभार शिल्लक राहतो. तो स्फटिकाच्या आतच असल्याने कितीही धुतलं तरी जात नाही.

हा ऋणभार फेडायला कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम यांचे धनायन पत्र्यांलगत गोळा होतात. ते चिकटलेले नसतात, घुटमळत असतात, त्यामुळे त्यांची जागा दुसऱ्याला घेता येते. मात्र हिशोब चोख असतो: एकेक धनभाराचे दोन अमोनियम आत आले, तर दोन धनभारांचा एक कॅल्शियम बाहेर. मुळं हायड्रोजन आयन सोडून पोटॅशियम मिळवतात ती याच देवघेवीतून. जमीन किती धनायन धरू शकते, त्याला धनायन विनिमय क्षमता म्हणतात. केओलिनाइट या खनिजात ती कमी असते, मॉन्टमोरिलोनाइटमध्ये त्याच्या कित्येक पट, आणि ह्यूमसमध्ये, म्हणजे कुजून मुरलेल्या सेंद्रिय पदार्थात, बहुधा त्याहूनही जास्त.

ही देवघेव प्रथम नोंदली गेली इंग्लंडमध्ये. एच. एस. थॉम्पसन यांनी मातीवर अमोनियम सल्फेटचं द्रावण सोडलं, तर खालून कॅल्शियम सल्फेट बाहेर आलं. हे काम 1850 मध्ये छापून आलं. त्यानंतर जॉन थॉमस वे या रसायनतज्ज्ञाने पद्धतशीर प्रयोग करून दाखवलं की बदल झटपट होतो, सममूल्य प्रमाणात होतो आणि त्याचं मूळ चिकणमातीत आहे. चिकणमातीची स्फटिकरचना क्ष-किरणांनी उलगडली ती त्यानंतर कित्येक दशकांनी!

‘एका बाटलीत जमिनीची ताकद परत’ अशा जाहिराती मला म्हणूनच खटकतात. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या 15 सेंटिमीटर थराचं वजन सुमारे 2000 टन भरतं. त्याची विनिमय क्षमता मुख्यतः चिकणमाती किती, कोणती आणि सेंद्रिय पदार्थ किती यावर ठरते. बाटलीभर द्रवाने ती बदलत नाही. सेंद्रिय पदार्थ वाढवता येतात, पण त्याला वर्षं लागतात.

आता पुन्हा त्या झिरपलेल्या पाण्याकडे. खतातलं अमोनियम धनभारित असतं, म्हणून माती ते धरते. पण उबदार, ओलसर आणि हवा खेळती असलेल्या मातीत जिवाणू काही आठवड्यांत त्यातल्या बऱ्याचशा भागाचं नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋणभार असतो. कालपर्यंत पत्र्यालगत थांबलेला नायट्रोजन आता लाल रंगासारखा पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतो. फक्त नायट्रेटला रंग नसतो, वासही नसतो. विहिरीत ते पोचलं तरी पाणी नितळच दिसतं.