आक्रमण का दमतं?

दसऱ्याला भाच्याला घेऊन सीमोल्लंघनाला गेलो होतो, सोनं लुटून येताना त्यानं विचारलं, मामा, मुहूर्त चांगला म्हणून राजे आजच मोहिमेवर निघायचे काय? मी म्हटलं मुहूर्ताचं सोड, वैरणीचं बघ. पाऊस उघडलेला असतो, नद्या उतरलेल्या, रानात गवत, पिकं हाताशी, म्हणजे हजारो घोड्याबैलांचं पोट वाटेतच भरतं. भर श्रावणात कितीही शुभ घटका काढून तोफा हलवल्या असत्या तरी खानापूरच्या चिखलात रुतल्याच असत्या.

हे सांगायचं कारण, टीव्हीवर लढाईची बातमी लागली की "आक्रमण हाच उत्तम बचाव" हे ठरलेलं, आणि युद्धशास्त्रातला मोठा माणूस क्लाउजेविट्झ नेमकं उलटं सांगतो. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचा हा लष्करी अधिकारी 1831 मध्ये कॉलऱ्यानं गेला, त्याचं लिखाण बायकोनं, मारीनं, 1832 पासून छापायला घेतलं. तो म्हणतो बचाव हाच लढायचा जास्त बळकट प्रकार, कारण आहे ते राखणं नवीन मिळवण्यापेक्षा सोपं, आणि नुसता वेळ गेला तरी फायदा राखणाऱ्याचा. फक्त बचावानं नवीन काही मिळत नाही, म्हणून बळ आलं की उलटून मारायचं.

आणि आक्रमण? ते पुढं जाता जाता आपोआप दमतं. कसं ते बघा. समजा बैलगाडीत 800 किलो वैरण भरली, जोडी दिवसाला 20 किलो खाते अन् 20 किलोमीटर चालते. सैन्य दहा दिवसांच्या वाटेवर असेल तर जाऊन येऊन 400 किलो बैलांनीच खाल्ली, सैन्याला मिळाली 400. आता सैन्य 400 किलोमीटरवर गेलं, म्हणजे वीस दिवस जायला, वीस यायला, चाळीस गुणिले 20 झाले 800, गाडी पोचते पण द्यायला एक पेंढी उरत नाही! गाड्या दुप्पट करा, बैलही दुप्पट होतात, उत्तर शून्यच. गाडीवानाची भाकरी तर धरलेलीच नाही. वर वाटेत ठाणी बसवायची, जिंकलेल्या गावांत शिपाई ठेवायचे, आणि समोरचा मात्र मागं सरकेल तसा आपल्याच कोठाराजवळ जातो.

नेपोलियनला रशियाच्या थंडीनं मारलं असं आपण शाळेपासून ऐकतो. फ्रेंच इंजिनिअर मिनार्डनं 1869 मध्ये काढलेला आलेख बघा, जून 1812 मध्ये रशियाच्या सरहद्दीवरची नीमन नदी ओलांडताना 4,22,000 माणसं, सप्टेंबरात मॉस्कोत 1,00,000. काही तुकड्या वाटेत बाजूला पाठवलेल्या होत्या हे धरलं तरी केवढी घट, आणि बर्फ अजून पडायचाच होता. उपाशी घोडे, टायफस, हगवण, सगळं उन्हाळ्यातलं. क्लाउजेविट्झ तेव्हा रशियाच्याच बाजूनं होता, त्यानं हे डोळ्यांनी पाहिलं.

मग बचाव एवढा बळकट, तर आपलं बेळगावजवळचं कित्तूर संस्थान का पडलं? 23 ऑक्टोबर 1824 ला राणी चन्नम्मांच्या सैन्यानं इंग्रज अधिकारी थॅकरेला मारून ईस्ट इंडिया कंपनीचा हल्ला परतवला होता की. पण थॅकरे आला होता धारवाडहून, वाट एक-दोन दिवसांची, कंपनीची गाडी रिकामी होणारच नव्हती, डिसेंबरात मोठी फौज आली. आणि भांडण गादीच्या दत्तक वारसाचं, म्हणजे राजकारणाचं, तिथं माघार घ्यायची कंपनीची तयारी नव्हती.

युद्ध म्हणजे राजकारणच, फक्त हत्यारं वेगळी, हेही क्लाउजेविट्झचंच म्हणणं. नेपोलियनला मॉस्को शहर नको होतं, झार अलेक्झांडरचा तह हवा होता. शहर मिळालं, तहाचे निरोप गेले, पाच आठवडे वाट बघितली, झारनं उत्तरच दिलं नाही. 19 ऑक्टोबरला तो निघाला, आणि परतीला शेवटी वाट्याला आली ती येताना त्याच्याच सैन्यानं खाऊन संपवलेली वाट.