स्विचबोर्ड ऑपरेटरची केंद्रीय भरती: पगार, पात्रता आणि कागदपत्रं

टेलिफोन ऑपरेटरच्या जागा आता क्वचितच निघतात. तरी सैन्यदलाच्या सिग्नल विभागात 'सिव्हिलियन स्विचबोर्ड ऑपरेटर, ग्रेड २' हे गट क मधलं पद आहे, आणि दहावीवर मिळणाऱ्या नोकऱ्यांत ते वाईट नाही.

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे हे पद लेव्हल ३ मध्ये, म्हणजे तिसऱ्या वेतनश्रेणीत येतं. मूळ वेतन २१,७०० ते ६९,१०० रुपये, वर महागाई, घरभाडे आणि वाहतूक भत्ता. दरवर्षी साधारण तीन टक्के वेतनवाढ. बढतीवर मात्र फार भिस्त ठेवू नका. संवर्गच लहान, वरच्या जागा मोजक्या. बढती मिळालीच नाही तर एमएसीपी (बढतीशिवाय ठरावीक काळाने वेतनश्रेणी वाढवणारी) योजनेत १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर पुढची लेव्हल मिळते. बहुतेकांचं करिअर याच वाटेने पुढे सरकतं.

पात्रता म्हणजे इंग्रजी विषय घेऊन दहावी पास, पीबीएक्स बोर्ड (कार्यालयातल्या आतल्या-बाहेरच्या फोन लाइन जोडणारा स्विचबोर्ड) हाताळता येणं आणि इंग्रजी बोलता येणं. मार्कशीट चांगली असणारी मुलं अडकतात ती बोर्डावर: कॉल घेणं, होल्डवर ठेवणं, योग्य एक्स्टेंशनला जोडणं, आणि तेवढ्यात दुसरी लाइन वाजली तरी आवाज न चढवणं. एखाद्या हॉस्पिटलच्या किंवा हॉटेलच्या बोर्डावर थोडे दिवस काम केलेलं असलं तर फार उपयोग होतो.

वय सर्वसाधारणपणे १८ ते २५. ओबीसींना ३, एससी-एसटींना ५ आणि दिव्यांगांना १० वर्षांची सवलत.

जाहिरात 'रोजगार समाचार'मध्ये पाहा आणि अर्ज त्यातल्याच नमुन्यात भरा. दहावीची मार्कशीट, जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र आणि फोटो लागतातच. आपल्याकडे घोळ होतो तो जातीच्या दाखल्यात. राज्याच्या नमुन्यातला ओबीसी दाखला इथे चालत नाही; केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रीमी लेयरसह हवा. तहसील कार्यालयात अर्ज देतानाच 'केंद्र सरकारच्या नोकरीसाठी' असं स्पष्ट सांगा, नाहीतर हेलपाटा ठरलेला. जाहिरातीत दिव्यांगांसाठी जागा असतील तर किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागेल, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं राष्ट्रीय ओळखपत्र) आधीच काढून ठेवा.

मुलाखत नसते, केंद्रातल्या गट क पदांसाठी ती २०१६ पासून बंद आहे. तेव्हा 'मुलाखतीत सेटिंग करून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.