सोलापूरच्या गिरण्यांत न शिरलेली लोकर

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, टॉवेललाही मिळालं. दोन्ही सुताचे. याच जिल्ह्यात सांगोला, मंगळवेढा, माळशिरसच्या माळांवर पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या चरत आल्या, पण त्यांच्या लोकरीचं नाव सोलापूरच्या गिरण्यांच्या इतिहासात सापडत नाही. हे असं का झालं, ते समजायला आधी गिरण्या आणि मग मेंढी पाहावी लागते.

१८६० मध्ये रेल्वे सोलापुरात आली. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांची कापड गिरणी सुरू झाली, तीच पुढे ‘जुनी मिल’. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. कापसाच्या गाठी रेल्वेने येत, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे हात गावात होतेच. लोकरीच्या गिरण्याही त्याच सुमारास देशात निघाल्या, पण त्या कानपूरला आणि पंजाबात धारीवालला. ठाण्याची रेमंड तर १९२५ ची.

दख्खनी मेंढीची लोकर काळी, राठ, केसाळ. काळ्यावर रंग चढत नाही आणि सुटाबुटाच्या कापडाला लागतो तसा बारीक धागा तिच्यातून निघत नाही. त्यात कळप दिवाळीनंतर चाऱ्यामागे बाहेर पडायचे ते पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे. गिरणीला रोज ठरलेल्या वजनाचा माल लागतो, तो या वाड्यावस्त्यांवरून गोळा करणार कोण? मेरिनो या बारीक लोकरीच्या विदेशी मेंढीचा संकर करून लोकर मऊ करण्याचे सरकारी प्रयोग झाले, पण त्यांनी माळावरचे कळप काही बदलले नाहीत.

मग ही लोकर गेली कुठे? घोंगडी विणणाऱ्या सनगर समाजाच्या हातमागांवर. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या आसपास, मेंढ्या धुऊन कातरायच्या. एका मेंढीची वर्षाची लोकर जेमतेम अर्धा किलो. म्हणजे अडीच-तीन किलोच्या एका घोंगड्यात पाच-सहा मेंढ्यांचं वर्ष जातं. पिंजलेली लोकर धनगरांच्या बाया चरख्यावर कातायच्या. सनगर ते सूत घेऊन ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, लावायचा आणि त्याला चिंचोक्याची खळ द्यायचा. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही लापशी कुंच्याने ताण्यावर ओढली की राठ तंतू बसतात, धागा खड्डामागाचा, म्हणजे खड्ड्यात बसून चालवायच्या मागाचा, मार सोसतो. म्हणूनच नवं घोंगडं अंगावर घेतलं की कडक लागतं. वापरून मऊ पडतं, हे विकणारा आवर्जून सांगतो आणि ते खरंही आहे. कोकराच्या पहिल्या कातरणीची, जावळाची लोकर मात्र मुळातच मऊ. तिच्या घोंगड्याला भावही चढा.

गिरणीला नकोशी होती म्हणूनच ही लोकर गावात टिकली, असं माझं मत आहे. सुती मागवाल्यांना गिरणीच्या कापडाशी झुंजावं लागलं, सनगराला तशी टक्कर फार उशिरा मिळाली. ती आली पानिपतहून, जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून बनलेल्या स्वस्त ब्लँकेटांच्या रूपाने.

तरी खरा घाव मटणाच्या भावाने घातला. शेजारच्या जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी उंच, वजनदार, कोकराला दाम चांगला देणारी. अंगावर लोकर मात्र नावालाच. हिशेब सरळ होता आणि धनगरांनी तो केला. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. उजनी धरणाच्या पाण्याने ऊस वाढला, चराऊ रानं आटली. कातरणावळ लोकरीच्या भावापेक्षा जड झाली, तशी अनेक ठिकाणी लोकर उकिरड्यात जाऊ लागली.

सरकारने १९७८ मध्ये मेंढी विकासासाठी महामंडळ काढलं. आज त्याला अहिल्यादेवींचं नाव आहे, सांगोल्यातल्या महूदला त्याचं प्रक्षेत्रही आहे. पण जोर राहिला जनावरावर. लोकरीला गिऱ्हाईक मिळवून देण्याचं काम मागेच पडलं.

मागणी अजिबात नाही असं नाही. मंगळवेढ्याजवळच्या हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाच्या यात्रेत पालख्यांची भेट होते, तेव्हा भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. पंढरपूरला वारीत घोंगडी विकली जातात, देवकार्याला काळं घोंगडंच लागतं. अडचण विणणाऱ्याची आहे. खड्ड्यात बसून दिवस घालवायला नव्या पिढीतलं कोणी तयार नाही, आणि जे अजून बसतात त्यांना काळी लोकर शोधत कर्नाटकापर्यंत जावं लागतं.