मल्टी-टूल घेताना : वायरचे की बॅटरीवरचे?

मल्टी-टूल या यंत्राचे ब्लेड ग्राइंडरप्रमाणे गोल फिरत नाही. ते सुमारे 3 अंशांच्या कोनात डावीकडे-उजवीकडे थरथरते आणि ही थरथर मिनिटाला साधारण 10,000 ते 20,000 इतकी जलद असते. जर्मनीतील फाइन या कंपनीने 1967 साली हाडांवरचे प्लास्टर कापण्यासाठी असे यंत्र तयार केले. प्लास्टर कडक असल्याने कापले जाते आणि त्वचा मऊ असल्याने ब्लेडबरोबर हलते, हे त्यामागचे तत्त्व होते. मात्र लाकडासाठीच्या धारदार दात्यांच्या ब्लेडला ही सवलत लागू नाही, त्याने बोट निश्चित कापले जाते.

घरात या यंत्राचा खरा उपयोग अडचणीच्या जागी होतो. जुन्या फरशीवर नवी टाइल बसवताना दाराच्या चौकटीचा पाय टाइलच्या जाडीइतका कापणे, किचन ट्रॉलीच्या मागच्या प्लायमध्ये प्लगसाठी चौकोनी खाच काढणे, बाथरूममधील टाइल्सच्या सांध्यांतले काळे पडलेले ग्राउट खरवडणे, बेसिनच्या कडेचे जुने सिलिकॉन काढणे किंवा खिडकीच्या कोपऱ्यात पॉलिश पेपर फिरवणे, ही कामे दुसऱ्या कोणत्याही यंत्राने इतकी नीट होत नाहीत. आख्खी टाइल कापणे किंवा भिंतीत पाइपसाठी झिरी मारणे हे त्याचे काम नव्हे. त्यासाठी कटर भाड्याने घेणे शहाणपणाचे ठरते.

वायरचे की बॅटरीवरचे, हा प्रश्न विचारताना बहुतेक ग्राहक ताकदीची तुलना करतात. आमच्या मते तुलना वेळेची करावी, म्हणजे आपले सर्वांत लांबलेले काम न थांबता किती वेळ चालणार आहे हे आधी पाहावे. 18 व्होल्ट आणि 2 अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीत 36 वॅट-अवर ऊर्जा साठते. ग्राउट काढताना यंत्राला सरासरी 150 वॅट लागतात असे धरले, तर ही बॅटरी जेमतेम 14 मिनिटे पुरेल आणि 4 अँपिअर-अवरची बॅटरी त्याच्या दुप्पट. चौकटीचे दोन पाय कापायला एवढा वेळ भरपूर झाला, परंतु संपूर्ण बाथरूमचे ग्राउट हे काही तासांचे काम असते आणि तेथे एकच बॅटरी असलेला माणूस कामापेक्षा चार्जरजवळच अधिक वेळ बसून राहतो. वायरचे 300 वॅटचे यंत्र घरातील 230 व्होल्टवर पूर्ण भारालाही दीड अँपिअरपेक्षा कमी प्रवाह घेते, त्यामुळे ते साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर आणि चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर निर्धास्त चालते. दीर्घकाळ सलग वापरल्यास ते तापते, म्हणून मधून मधून थांबावे, इतकेच.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, आपल्याकडे बॅटरीवरचे ड्रिल किंवा स्क्रू-ड्रायव्हर आधीपासून आहे का? असल्यास त्याच बॅटरीवर चालणारे, बॅटरीविना विकले जाणारे मल्टी-टूल घ्यावे. ते स्वस्त पडते आणि एकाच चार्जरवर घर चालते. मात्र बॅटरी जुळते याची खात्री नावावरून करू नये. 12 व्होल्टची बॅटरी 18 व्होल्टच्या यंत्रात बसत नाहीच, शिवाय एकाच कंपनीच्या दोन श्रेणींतही फरक असू शकतो. बॉशच्या हिरव्या यंत्रांची 18 व्होल्टची बॅटरी त्यांच्या निळ्या यंत्रांना चालत नाही, हे ठळक उदाहरण. आपल्याकडे कोणतीच बॅटरी नसेल आणि वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच यंत्र बाहेर निघणार असेल, तर आमचा सल्ला स्पष्टपणे वायरच्या यंत्राचा आहे. लिथियम-आयन बॅटरी न वापरताही हळूहळू जुनी होत जाते, म्हणून कपाटात पडून राहिलेल्या बॅटरीचे पैसे वाया जातात.

बॅटरीचे यंत्र निर्विवादपणे सरस ठरते ते ओल्या जागी, गच्चीवर, वीज जोडणी न झालेल्या नव्या फ्लॅटमध्ये आणि भारनियमन असलेल्या गावी. बाथरूममध्ये वायरचे यंत्र वापरणे भाग पडल्यास जागा पूर्ण कोरडी करावी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवलेल्या जोडणीवरूनच वीज घ्यावी. भिंतीत किंवा प्लायच्या मागे ब्लेड घालण्यापूर्वी तेथून विजेची वायर जात नाही ना, हे पाहून त्या भागाचा एमसीबी (मुख्य बोर्डावरचा स्विच) बंद करावा. बॅटरीच्या यंत्राने हा धोका टळत नाही.

नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेले वायरचे यंत्र 120 व्होल्टचे असते आणि ते आपल्याकडे थेट लावल्यास जळते. बॅटरीचे यंत्र आणल्यास ते चालेल, परंतु त्याच्या चार्जरवर 100 ते 240 व्होल्ट असे लिहिलेले आहे का, ते अवश्य तपासावे.

वापरात नसताना बॅटरी साधारण अर्धी भरलेली ठेवावी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत ती ठेवू नये. बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्या 45 अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करायच्या नसतात, त्यामुळे विदर्भातील उन्हाळ्यात कामावरून गरम झालेली बॅटरी निवल्यावरच चार्जरला लावावी. कोकणातील व मुंबईतील पावसाळ्यात तिच्या धातूच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसून डबा बंद ठेवावा.

यंत्र कोणतेही घेतले तरी काम ब्लेडच करते. नुसत्या लाकडाला साधे स्टीलचे ब्लेड पुरते, खिळे असलेल्या लाकडाला बाय-मेटल म्हणजे दोन धातूंचे ब्लेड घ्यावे आणि ग्राउटला कार्बाइडचे कण बसवलेले ब्लेड लागते. प्लायमधील गोंदामुळे दाते लवकर बोथट होतात, म्हणून एक ब्लेड जादा ठेवणे बरे. ब्लेड बसवण्याची पद्धतही सर्व यंत्रांत सारखी नसते. 2016 पासून बॉश व फाइन यांच्या यंत्रांत आलेल्या स्टारलॉक पद्धतीचेच तीन प्रकार आहेत आणि सर्वांत मोठ्या मॅक्स प्रकाराचे ब्लेड साध्या स्टारलॉक यंत्रात बसत नाही. म्हणून खरेदीला येताना घरातील जुनी बॅटरी आणि असल्यास जुने ब्लेड सोबत आणावे, म्हणजे दोन्ही यंत्रावर लावून पाहता येतील.