एडीएचडी की अँक्झायटी? 'लक्ष लागत नाही' एवढ्यावरून काही कळत नाही

कुणी म्हटलं की मीटिंगमध्ये लक्ष लागत नाही, मेल अर्धवट राहतात, की लगेच चारजण सांगणार, अरे एडीएचडी आहे तुला, मला पण सेम. जरा थांबा की.

अँक्झायटी आता बहुतेकांना माहितीये, छातीत धडधड, पोटात गोळा, 'काहीतरी वाईट होणार' ही डोक्यातली टकळी, त्यामुळे ती समजावत बसत नाही. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं किंवा चुळबूळ, उतावळेपणा आवरणं लहानपणापासूनच जड जाणं. अस्वस्थपणा, चिडचिड, उडालेली झोप, रखडलेली कामं दोन्हीकडे सापडतात. त्यावरून निवाडा करू नका.

घोळ होतो तो 'कधीपासून' या प्रश्नावर. एडीएचडी तिशीत अचानक उगवत नाही. २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) प्रमाणे बरीचशी लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात (आधी ही अट ७ वर्षांची होती), आणि तीही घर, शाळा, ऑफिस अशा किमान दोन ठिकाणी. लक्ष न लागणं आणि चुळबूळ अशा ९-९ लक्षणांच्या दोन याद्या असतात, मोठ्यांना एका यादीतली ५ लक्षणं पुरतात, लहान मुलांना ६ लागतात, पण लहानपणाची अट कुणालाच माफ नाही. म्हणजे मागच्या दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत होतं आणि नवीन मॅनेजर आल्यापासून लक्ष उडालं, तर आधी अँक्झायटी, डिप्रेशन, झोप, थायरॉइड बघून घ्या.

नेटवरची ती ६ प्रश्नांची एएसआरएस, म्हणजे मोठ्यांमधल्या एडीएचडीची प्राथमिक चाचणी, इथेच फसवते, ती विचारते फक्त गेल्या ६ महिन्यांचं. स्कोअर जास्त आला तर तपासून घ्या, एवढाच तिचा अर्थ, आणि लोक तिचा स्क्रीनशॉट सर्टिफिकेटसारखा फिरवतात! नीट तपासणारा सायकिअ‍ॅट्रिस्ट जमलं तर आईला किंवा मोठ्या ताईला घेऊन या म्हणतो, जुनी प्रगतीपुस्तकं मागतो. त्याला मार्कांपेक्षा शेरे हवे असतात. 'हुशार आहे पण धांदरट', 'वर्गात लक्ष नसते', 'गृहपाठ अपूर्ण', आणि हेच तिसरीत, पाचवीत, सातवीत, दरवेळी वेगळ्या बाईंच्या अक्षरात.

आता याच्या उलट टोकाचे लोक. 'दहावीला ९० टक्के होते, मला कसला एडीएचडी' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो, आई शेजारी बसून अभ्यास घ्यायची, दप्तर बाबा भरायचे, क्लासवाले दर रविवारी टेस्ट घ्यायचे, मग होस्टेलला गेल्यावर हे सगळं एकदम सुटलं आणि पहिल्याच सेमला केटी लागल्या. त्रास आधीपासून होता, तो बाकीचे सांभाळून घेत होते. मुलींचं तर विचारूच नका, खिडकीबाहेर बघत गप्प बसणाऱ्या मुलीची तक्रार कोण करणार?

शिवाय बऱ्याच जणांना दोन्ही असतं. लहानपणापासून वस्तू हरवत आलेला माणूस घरातून निघताना किल्ली, पास, पाकीट चारचारदा चाचपतो. बघणाऱ्याला ती अँक्झायटी दिसते, आणि ती असतेही, पण तिचं मूळ शोधायला पुन्हा शाळेच्या वयापर्यंतच जावं लागतं.

औषधांबद्दल एकच हट्टाने सांगतो. 'गोळी घेतली, लक्ष लागलं, म्हणजे एडीएचडीच' हा पुरावा नाही. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाने ज्याला एडीएचडी नाही त्यालाही तरतरी येऊ शकते, त्यामुळे मित्राच्या पाकिटातली एक ट्राय करून निदान होत नसतं. ते तासाभरात काम करायला लागतं, पण नाडी आणि बीपी थोडं वाढवू शकतं, म्हणून दोन्ही आधी मोजतात, आणि अँक्झायटीवाल्याला तीच धडधड पॅनिक अटॅकसारखी वाटू शकते. अ‍ॅटॉमॉक्सेटिन हा दुसरा पर्याय, पण त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात, आठच दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका.

आणि अँक्झायटीसाठी आधीच फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन चालू असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते सांगा, कारण या गोळ्यांमुळे अ‍ॅटॉमॉक्सेटिन शरीरातून सावकाश बाहेर पडतं, रक्तातलं प्रमाण बरंच वाढतं आणि डोस बेताने वाढवावा लागतो. डॉक्टर नवीन असेल तर जुनं प्रिस्क्रिप्शनच समोर ठेवा.