बाल व किशोर मनोविकारशास्त्रातील पुरस्कार

मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मानसिक आजारांवरील संशोधन, उपचार, प्रतिबंध, अध्यापन किंवा सेवाकार्य यांत भरीव काम करणाऱ्यांना व्यावसायिक संघटना, विद्यापीठे आणि प्रतिष्ठाने देत असलेले सन्मान. पदक, मानपत्र, रोख रक्कम, स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण, नवोदितांसाठी पाठ्यवृत्ती अशी त्यांची वेगवेगळी रूपे आहेत. हे सन्मान प्रामुख्याने मनोविकारतज्ज्ञांना मिळतात. पण मानसशास्त्रज्ञ, बालरोगतज्ज्ञ, परिचारिका, समाजकार्यकर्ते, एवढेच काय, वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठातेही त्यांचे मानकरी ठरतात.

ही विद्याशाखा वयाने लहान आहे. लिओ कॅनर यांनी १९३० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुलांसाठी स्वतंत्र मनोविकार विभाग सुरू केला आणि १९३५ मध्ये ‘चाइल्ड सायकियाट्री’ हे इंग्रजीतील पहिले मोठे पाठ्यपुस्तक लिहिले. पहिली आंतरराष्ट्रीय परिषद पॅरिसला १९३७ मध्ये भरली. अमेरिकेतील तज्ज्ञांची अकादमी १९५३ साली स्थापन झाली आणि या उपशाखेची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा तिथे १९५९ पासून सुरू झाली. त्यामुळे इथल्या बहुतेक पुरस्कारांवर कोरलेली नावे विसाव्या शतकातल्या माणसांची आहेत. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी ही पारितोषिके ठेवली, आणि नावामागचा माणूस आठवणारे कुणी ना कुणी निवड समितीवर अनेक वर्षे असायचे.

कर्तृत्व मोजायचे कसे

शल्यचिकित्सकाचे यश काही आठवड्यांत दिसते. नऊ वर्षांच्या मुलावर केलेल्या उपचारांचे फळ मात्र ते मूल तीस वर्षांचे झाल्यावर कळते, आणि तोवर ते उपचार करणाऱ्याच्या नजरेआड गेलेले असते. दुसरी अडचण गोपनीयतेची. बोलायचे थांबलेली मुलगी पुन्हा शाळेत जाऊ लागली, हे डॉक्टरच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम असू शकते. पण शिफारसपत्रात ते लिहिता येत नाही, कारण ओळख पटेल असा एकही तपशील बाहेर जाता कामा नये. मग पत्रात काय उरते? प्रकाशित निबंधांची यादी, मिळालेली अनुदाने, भूषविलेली पदे, घडवलेले विद्यार्थी. संशोधकाचा कागद यामुळे आपोआप जड होतो आणि दवाखान्यात रोज पंधरा कुटुंबांशी बोलणाऱ्याचा हलका. अनेक पुरस्कारांच्या नियमांत पुढे जी विविधता आली, तिच्यामागे हा असमतोल कमी करण्याची धडपड दिसते.

अमेरिकन अकादमीचे पुरस्कार

सर्वांत विस्तृत पुरस्कारव्यवस्था अमेरिकन अकादमी ऑफ चाइल्ड अँड अ‍ॅडोलसंट सायकियाट्री या संस्थेची आहे. रीगर दांपत्याच्या नावाने तिच्याकडे तीन वेगवेगळे सन्मान आहेत. पहिला वर्षभरात अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या सर्वांत महत्त्वाच्या शोधनिबंधासाठी, दुसरा मनोगतिकीय (मनात नकळत चालणाऱ्या संघर्षांवर भर देणाऱ्या) मानसोपचारावरील लेखनासाठी आणि तिसरा एखाद्या नमुनेदार सेवाप्रकल्पासाठी. तिसऱ्याची रक्कम मानकरी आणि त्याचा प्रकल्प यांच्यात विभागली जाते. आयर्व्हिंग फिलिप्स यांच्या नावाचा प्रतिबंधविषयक पुरस्कार याच वळणाचा असून त्यातला एक वाटा मानकऱ्याने निवडलेल्या प्रतिबंधक केंद्राला देणगी म्हणून जातो. प्रतिबंधाचे काम म्हणजे जे घडले नाही त्याचे श्रेय. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यासाठी वेगळा सन्मान राखून ठेवणे मला फार शहाणपणाचे वाटते.

काही नावांमागची माणसे ओळखीची व्हावीत अशी आहेत. हंगेरीत जन्मलेले जॉर्ज टार्जन बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी झटले. अध्यक्ष केनेडी यांनी या विषयावर नेमलेल्या समितीचे ते उपाध्यक्ष होते. विकासात्मक अक्षमतांच्या क्षेत्रातला पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. जीन स्पर्लॉक या कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ. १९७१ साली मनोविकारशास्त्रातला एडवर्ड स्ट्रेकर पुरस्कार मिळवणारी पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती त्याच. वांशिक भेदभावाचा मुलांच्या मनावर होणारा परिणाम हा विषय त्यांनी व्यवसायाला सोडू दिला नाही. विविधता आणि संस्कृती या विषयावरचे व्याख्यान व पुरस्कार त्यांच्या नावे आहे. सायमन वाइल मनोविकारतज्ज्ञ नव्हते, बालरोगतज्ज्ञ होते. तरीही रुग्णालयातील इतर विभागांशी जोडून घेऊन केलेल्या कामाचा पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो, हे समर्पकच आहे. सिडनी बर्मन पुरस्कार शाळेच्या चौकटीत अध्ययन अक्षमता आणि मनोविकार यांवर केलेल्या कामासाठी, तर एलेन श्लोसर लुईस पुरस्कार एडीएचडी, म्हणजे अवधान टिकत नसण्याच्या व अतिचंचलतेच्या विकारावरील शोधनिबंधासाठी आहे. व्हर्जिनिया अँथनी १९७३ ते २०१२ अशी जवळजवळ चार दशके अकादमीच्या कार्यकारी संचालक होत्या. स्त्री-नेतृत्वाचा पुरस्कार त्यांच्या नावाने सुरू झाला.

रॉबर्ट कॅन्क्रो यांच्या नावाचा पुरस्कार या क्षेत्राबाहेरच्यांसाठी आहे. प्रौढ मनोविकारशास्त्राचे प्रशिक्षण-प्रमुख, अधिष्ठाता किंवा विभागप्रमुख अशा ज्या व्यक्तीने आपल्या संस्थेत मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी जागा, पैसा आणि माणसे मिळवून दिली, तिला तो मिळतो.

प्रौढांसह सर्व मनोविकारतज्ज्ञांची संघटना असलेल्या अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनकडेही अ‍ॅग्नेस पर्सेल मॅकगॅव्हिन आणि ब्लांश इटलसन यांच्या नावांचे बालमनोविकारविषयक सन्मान आहेत.

रुएन पारितोषिक आणि ड्युनेडिनची मुले

जॉय आणि विल्यम रुएन या दानशूर दांपत्याने २००० साली सुरू केलेले रुएन पारितोषिक संशोधनासाठी आहे. ५०,००० डॉलरची ही रक्कम ब्रेन अँड बिहेवियर रिसर्च फाउंडेशनमार्फत दिली जाते. २०१० साली ते टेरी मॉफिट आणि अवशालोम कास्पी यांना मिळाले. दोघेही मानसशास्त्रज्ञ, आणि दोघांच्याही कामाचा मोठा भाग न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरातल्या मुलांवर उभा आहे.

एप्रिल १९७२ ते मार्च १९७३ या एका वर्षात तिथे जन्मलेल्या १,०३७ मुलांची नोंद ठेवली गेली. तिसऱ्या वर्षी, पाचव्या, सातव्या, नवव्या, अकराव्या अशी त्यांची भेट घेतली जात राहिली. ती शिकली, बेकार झाली, तुरुंगात गेली, परदेशी स्थायिक झाली. तरी दर फेरीला त्यांना प्रवासखर्च देऊन ड्युनेडिनला बोलावले गेले. पंचेचाळिसाव्या वर्षीच्या फेरीतही हयात असलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जण हजर होते. सव्विसाव्या वर्षी ज्यांना मानसिक आजार होता, त्यांतल्या निम्म्यांना पंधरा वर्षांचे होण्याआधीच कोणता ना कोणता मनोविकार होऊन गेला होता, हे याच नोंदींतून २००३ साली पुढे आले. प्रौढांचे आजार म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जात होते त्यांची मुळे बालपणात सापडली. किशोरवयापुरते बेशिस्त वागणारे आणि बालपणापासून आयुष्यभर तसे वागणारे यांच्यात मॉफिट यांनी १९९३ मध्ये केलेला फरकही या मुलांवरच्या कामातून आलेला आहे. पारितोषिक जाहीर झाले तेव्हा ती ‘मुले’ अडतिशीला टेकली होती.

अशा कामाची परंपरा मायकेल रटर यांच्यापासून धरता येते. ते ब्रिटनमधील बालमनोविकारशास्त्राचे पहिले प्राध्यापक. १९९२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९६० च्या दशकाच्या मध्यावर आइल ऑफ वाइट या बेटावरील दहा-अकरा वर्षांच्या सगळ्या मुलांची पाहणी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. पालकांना आणि शिक्षकांना प्रश्नावली दिली गेलीच, शिवाय निवडक मुलांना समोर बसवून त्यांनाच विचारले गेले: काळजी कशाची वाटते, रडू येते का, मित्र आहेत का. मूल स्वतःबद्दल भरवशाचे सांगू शकते, हे तेव्हा सर्वमान्य नव्हते. तीच मुले चौदा-पंधरा वर्षांची झाल्यावर पुन्हा भेटली, तेव्हा कित्येकांनी आतल्या दुःखाबद्दल सांगितले आणि त्यांच्या आईवडिलांना वा शिक्षकांना त्याचा पत्ताही नव्हता. रटर यांना पुढे अनेक मानसन्मान मिळाले. त्या सर्वांच्या तळाशी मुलालाच विचारण्याची ही साधी गोष्ट आहे, असे मला वाटते.

आंतरराष्ट्रीय सन्मान, पथके आणि नवोदित

१९३७ च्या पॅरिस परिषदेतून उगम पावलेली आंतरराष्ट्रीय संघटना पूर्वी दर चार वर्षांनी महापरिषद भरवीत असे; २००२ मध्ये ती नवी दिल्लीत झाली. २००४ च्या बर्लिन परिषदेपासून ती दोन वर्षांनी भरते, आणि त्याच परिषदेपासून डोनाल्ड कोहेन पाठ्यवृत्ती सुरू झाली. येल विद्यापीठाच्या बाल-अभ्यास केंद्राचे संचालक आणि या संघटनेचे अध्यक्ष राहिलेले कोहेन २००१ मध्ये वारले. त्यांच्या नावाची पाठ्यवृत्ती तरुण तज्ज्ञांना, त्यातही तज्ज्ञांची वानवा असलेल्या देशांतल्यांना, परिषदेला येण्याची संधी देते आणि प्रत्येकाला एक अनुभवी मार्गदर्शक जोडून देते. सगळा देश मिळून मूठभर बालमनोविकारतज्ज्ञ असतात तिथे काम करणाऱ्याला, अडल्यावर पत्र लिहावे असा एक वडीलधारा माणूस मिळणे पदकापेक्षा अधिक उपयोगाचे. जर्मनीतील मारबुर्गचे प्राध्यापक हेल्मुट रेमश्मिट यांच्या नावाची संशोधन-शिबिरेही याच हेतूने भरतात.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सच्या वार्षिक पुरस्कारांत ‘वर्षातील सर्वोत्तम पथक’ या सदरात मुले व किशोर असा स्वतंत्र विभाग आहे. मुलाच्या बाबतीत एकट्या डॉक्टरचे श्रेय असे क्वचितच असते. परिचारिका, समाजकार्यकर्ता, वर्गशिक्षक आणि आईवडील सगळे एका दिशेने ओढतात तेव्हा गाडा हलतो. पथकाला दिलेला सन्मान वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जातो. ब्रिटनमध्ये स्मृतिव्याख्यानांचीही जुनी प्रथा आहे. १९२७ साली पूर्व लंडनमध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू करणाऱ्या इमॅन्युएल मिलर यांच्या नावाचे व्याख्यान त्यांतले एक.

पैशाचा प्रश्न

नवोदितांच्या काही संशोधन-पारितोषिकांना एके काळी औषध कंपन्यांच्या देणग्यांचा आधार होता. काही नामवंत तज्ज्ञांनी औषध कंपन्यांकडून मिळालेली रक्कम आपल्या विद्यापीठांना पूर्णपणे कळवली नव्हती, असे २००८ मध्ये अमेरिकी सिनेटच्या चौकशीत उघड झाले. त्यानंतर हितसंबंध जाहीर करण्याचे नियम कडक झाले. जिथे रुग्ण अल्पवयीन आहे आणि औषधाला ‘हो’ त्याच्या वतीने दुसरे कुणी म्हणते, तिथे ही कडक शिस्त हवीच.

सन्मान आणि चूक

पुरस्काराने माणसाच्या शब्दाला वजन येते, आणि ते वजन भलतीकडे पडू शकते. निकोलास टिनबर्गन यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी मिळाले. नोबेल व्याख्यानात मात्र त्यांनी मुलांमधील स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) विषय काढला, आणि तिचे कारण बव्हंशी परिस्थितीत व आई-मुलाच्या नात्यात असल्याचे मांडले. आधीच दोषी ठरवल्या गेलेल्या आयांवर या बोलण्याचा केवढा भार पडला असेल! लोर्ना विंग आणि डेरेक रिक्स यांनी १९७६ मध्ये या मांडणीचा मुद्देसूद प्रतिवाद केला. विंग स्वतः मनोविकारतज्ज्ञ आणि एका स्वमग्न मुलीची आई. पुढच्याच वर्षी सुझन फोलस्टीन आणि रटर यांचा २१ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास आला आणि आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट दिसला.

रोगाला माणसाचे नाव देणे हाही वैद्यकातला एक सन्मानच. १९८१ साली विंग यांनीच व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गर यांचे नाव स्वमग्नतेशी नाते सांगणाऱ्या एका लक्षणसमूहाला जोडले. निदानांच्या अमेरिकी वर्गीकरणातून ते २०१३ मध्ये गेले, ते वर्गीकरणाच्या कारणांसाठी. २०१८ मध्ये इतिहासकार हेरविग चेक यांनी कागदपत्रांनिशी दाखवले, की अ‍ॅस्पर्गर यांनी नाझी काळात किमान दोन मुलींना व्हिएन्नातील ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेत पाठवण्याची शिफारस केली होती. अपंग आणि ‘नकोशा’ ठरवलेल्या मुलांना तिथे मारले जात असे.

त्याच संस्थेत हाइन्रिख ग्रॉस डॉक्टर होता. युद्धानंतर त्याने तिथल्या मृत मुलांच्या मेंदूंवर वर्षानुवर्षे शोधनिबंध लिहिले, न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्षी दिल्या, आणि १९७५ मध्ये ऑस्ट्रियाने त्याला विज्ञान व कला यांसाठीचे सन्मानपदक दिले. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो एका कैद्याची मानसिक तपासणी करायला गेला. समोर बसलेला फ्रीडरिख झावरेल लहानपणी श्पीगेलग्रुंडमध्ये होता आणि एका परिचारिकेच्या मदतीने तिथून निसटला होता. त्याने ग्रॉसला ओळखले. त्याचे म्हणणे खरे मानले जायला पुढे कित्येक वर्षे गेली. २००० साली खटला उभा राहिला, पण आरोपीला स्मृतिभ्रंश असल्याच्या कारणावरून तो थांबवण्यात आला. एप्रिल २००२ मध्ये मुलांचे जपून ठेवलेले अवशेष व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत पुरण्यात आले. २००३ मध्ये ग्रॉसचे पदक काढून घेतले गेले. श्पीगेलग्रुंड ज्या रुग्णालयाच्या आवारात होते तिथे आज ७७२ दिवे उभे आहेत, एकेका मुलासाठी एक. नंतर आणखी नावे सापडली आणि संख्या ७८९ झाली.